टंगमर्गच्या भाईसाहेबांना

भाईसाहेब, सलाम.

हे पत्र मराठीत लिहितेय. तुम्हाला ते वाचता येणार नाही, हे ठाऊक आहे. पण माझ्या तुटक हिंदीत तुम्हाला जे सांगायचं राहून गेलं, ते आधी माझ्या भाषेत मांडू दे. रविवारी फोन करून ओळ न ओळ समजावून सांगीन. परवा रात्री घरी पोचलो. बॅगा अजून तशाच पडल्या आहेत.

तुमचा नंबर मिळण्याआधी गुलमर्गच्या सहलीसाठी मी दोन ठिकाणी चौकशी केली होती. पहिल्या ठिकाणच्या मुलाने आईचं वय 73 आणि एक गुडघा बदललेला एवढं ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे पेशंट सोबत आहे का?" फोन स्पीकरवर होता. आई शेजारीच बसली होती. तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला. काही बोलली नाही. पुढे त्याचा सल्ला असा, की तुम्ही सगळे गुलमर्गला जा आणि त्यांना श्रीनगरच्या हॉटेलात ठेवा, खोलीत हीटर असतो.

दुसऱ्याने सगळ्यालाच हो म्हटलं. जानेवारीचा पहिला आठवडा उत्तम, गंडोलाचे, म्हणजे तिथल्या केबल कारचे, दोन्ही टप्पे हमखास, आजींना पार वर अफरवतच्या डोंगरापर्यंत नेऊ. मी आगाऊ रक्कम भरली. मग वरच्या स्टेशनची उंची जवळजवळ 4,000 मीटर आहे हे वाचलं आणि आईच्या रक्तदाबाबद्दल विचारलं. त्यानंतर त्याने फोन उचलणं सोडलं. पैसे आजही परत आलेले नाहीत. त्या पैशांपेक्षा मला राग याचा येतो, की वारा सुटला की वरचा टप्पा बंद ठेवतात हे त्याला माहीत असणारच, तरी त्याने 'हमखास' हा शब्द वापरला.

आईची मागणी तरी केवढी होती! तिला बर्फात खेळायचं नव्हतं की फोटो काढायचे नव्हते. नातू स्कीवर उभा राहताना तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता, एवढंच.

तुम्ही पहिल्या फोनवर ना बजेट विचारलंत, ना माणसं किती ते. "माँजी घर में सीढ़ियाँ चढ़ती हैं? कितनी?" हा तुमचा पहिला प्रश्न. मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "बावीस. मध्ये एकदा थांबून." त्या दिवसापासून सहलीची आखणी मी करत नव्हते, तुम्ही आणि आई करत होतात.

जानेवारी तुम्ही सरळ खोडून टाकलात. 21 डिसेंबरपासूनचे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस चिल्ले कलान, मग वीस दिवस चिल्ले खुर्द, मग दहा दिवस चिल्ले बच्चा, हा हिशेब तुमच्याकडून ऐकला तेव्हा आई वहीत लिहून घेत होती. कलानमध्ये नळातलं पाणी गोठतं, म्हाताऱ्या हाडांना तो काळ नको; खुर्द सरू दे, फेब्रुवारीच्या शेवटी या, वर बर्फ भरपूर असतो आणि दुपारी पाठीला ऊनही मिळतं. एक दिवस मोकळा ठेवायला लावलात, कारण त्या दिवसांतही बर्फ पडला की टंगमर्गच्या पुढचे, गुलमर्गपर्यंतचे 13 किलोमीटर साखळ्या लावलेल्या गाडीशिवाय जाता येत नाही. तसंच झालं, दुसरा दिवस आम्ही खिडकीत बसून काढला आणि कुणाचंही काही बिघडलं नाही. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, हेसुद्धा तुम्हीच सांगितलंत. आमच्या घरातले तीनही फोन प्रीपेड होते!

पण हे सगळं माहितगार माणूस सांगू शकला असता. हे पत्र मी ज्यासाठी लिहितेय ती गोष्ट वेगळी आहे.

गाडी थांबते तिथून गंडोलाच्या स्टेशनापर्यंत बर्फातून किती चालावं लागतं, हे मी प्रत्येकाला विचारलं होतं. कुणी म्हणालं पाच मिनिटं, कुणी म्हणालं स्लेज घ्या. बदललेल्या गुडघ्याच्या माणसाने इतक्या खाली बसायचं कसं आणि उठायचं कसं, याचा विचार कुणी केला नव्हता. तुम्ही म्हणालात, "मुझे दस मिनट लगते हैं. माँजी का मैं नहीं जानता. देखकर बताऊँगा." मला वाटलं, बोलण्याची पद्धत आहे.

चार दिवसांनी तुमचा फोन आला. "अम्मी को लेकर गया था. अट्ठाईस मिनट."

भाईसाहेब, मला क्षणभर कळलंच नाही तुम्ही काय म्हणताय ते. तुम्ही तुमच्या आईला, ज्यांचे गुडघे माझ्या आईसारखेच दुखतात, गाडीत बसवून वर नेलंत आणि त्या वाटेने चालवून पाहिलंत. मिनिटं मोजलीत. त्या कुठे थांबल्या, कुठे तुमचा हात धरला, ते लक्षात ठेवलंत. बसायला दोन जागा: एक बंद दुकानासमोरचा कठडा, पुढे एक बाक. मधल्या चढावर पायांनी तुडवून बर्फाची काच झालेली असते, तिथे कडेच्या भुसभुशीत बर्फातून चालायचं. रबरी टोकाची काठी निरुपयोगी, लोखंडी टोकाची हवी. आणि शेवटी, जरा हसून, "अम्मी बहुत साल बाद ऊपर गईं. ख़ुश हो गईं."

तोवर तुम्ही माझ्याकडून एक रुपयाही घेतला नव्हता. आम्ही येणार हेसुद्धा नक्की नव्हतं.

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग आता जायलाच हवं. त्या बाई माझ्यासाठी चालल्यात."

त्या सकाळी आम्हाला एकतीस मिनिटं लागली. कठड्याशी आल्यावर आई खाली बसली आणि तुम्हाला विचारलं, "आप की अम्मी यहीं बैठी थीं?" तुम्ही हो म्हणालात. तिने हातमोजा काढून त्या थंड दगडावर हात ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. तुम्ही घाई केली नाहीत. मागून येणारी माणसं आम्हाला वळसा घालून जात होती.

मुलाचं शिकणं खालच्या सोप्या उतारावर झालं, साडेदहानंतर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे: रात्रीचा कडक थर सैल झालेला, दुपारचा चिखल अजून व्हायचा. तो अकरा वेळा पडला. आईने मोजलं. बाराव्या वेळी तो तिच्या खुर्चीपर्यंत सरळ आला आणि थांबता न आल्याने तिच्या मांडीवरच आपटला. मी दोघांना इतकं हसताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. त्याच्या पुढच्या दिवशी गंडोलाच्या पहिल्या टप्प्याने कोंगदोरीपर्यंत, साधारण 3,100 मीटरवर, आई केबिनमधून गेली. तिथून पुढचा टप्पा वाऱ्यामुळे बंद होता. भोवती लोक चिडले होते. आम्हाला कुणी खोटं सांगितलं नव्हतं, म्हणून आम्हाला चिडायचं कारणच नव्हतं.

घरी आल्यापासून माझ्या मनात एकच चाललंय. तुम्ही शिकलेले किती, तुमच्याकडे गाड्या किती, मला काही माहीत नाही. पण आपल्याला जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणणं, आणि मग उठून ते पाहून येणं, एवढी सचोटी मला मोठमोठ्या कचेऱ्यांत भेटलेली नाही. दुसऱ्याची आई म्हणजे कुणाची तरी आई, हे तुम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. असं माणूस जिथे भेटतं तिथे परक्या मुलखातही माणूस निर्धास्त झोपतं. आई त्या पाचही रात्री गोळी न घेता झोपली.

निघताना तुम्ही ठरल्यापेक्षा जास्त पैसे घेतले नाहीत, आणि मी हट्ट केला तेव्हा तुमचा चेहरा पडला, म्हणून मी गप्प बसले. पण आईपुढे तुमचं चालणार नाही. तिने कालच कपाटातून तपकिरी लोकर काढली आहे आणि एक मोजा घोट्यापर्यंत विणूनही झालाय, अंदाजाने. रविवारी फोन करीन तेव्हा अम्मींच्या पावलाचं माप तेवढं घेऊन ठेवा.

तुमची,
माँजींची मुलगी