नाव बदलले, तरी माणूस ओळखू येतो

महोदय,

कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांची कहाणी अलका चौकात पथनाट्यातून मांडा की पेठेतल्या भिंतीवर रंगवा, नुसते नाव बदलून भागत नाही. मजूर नाका, बोलण्याची ढब, मनगटावरचे गोंदण यांवरून माणूस ओळखू येतो. परदेशी नागरिकांविषयीच्या २०२५च्या कायद्यात वैध पासपोर्ट-व्हिसाविना देशात येणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चूक कलाकाराची, भोगायचे स्थलांतरिताने! म्हणून तीन-चार जणांचे तपशील मिसळून एक पात्र घडवा. मूळ आवाज वाजवू नका, नटाकडून बोलून घ्या. संमती दोनदा घ्या, मुलाखतीआधी आणि तालीम दाखवल्यावर. सही मात्र नको, तोच कागद पुरावा ठरतो. मोबाइलच्या फोटोत ठिकाणाची नोंद राहू शकते, तीही पुसा. संहिता पक्की होताच ध्वनिमुद्रण नष्ट करा.

– पथनाट्य कार्यकर्ते, पुणे