‘आठवड्यातून एकदा’ हे रुग्णाला कळले पाहिजे

माननीय संपादक,

महोदय,

गेल्या पावसाळ्यात माझ्या काकूंना संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट हे औषध सुरू झाले. ते रोज घ्यायचे नसते, आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यायचे असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘ओ. डब्ल्यू.’, म्हणजे आठवड्यातून एकदा, अशी दोन रोमन अक्षरे होती. औषधाच्या दुकानातील मुलाने ती ‘ओ. डी.’, म्हणजे दिवसातून एकदा, अशी वाचली आणि खाकी पाकिटावर सवयीने १-०-० लिहून दिले. सोबतची फॉलिक आम्लाची गोळीही तशीच लहान आणि पिवळी. सहाव्या दिवशी तोंड इतके आले की काकूंना घास गिळता येईना, आणि शेजारच्या निवृत्त परिचारिकेने पाकीट उलटसुलट करून पाहिले नसते, तर त्या सातवी गोळीही भक्तिभावाने घेणार होत्या. रक्तातील पेशी उतरल्याने त्यांना आठवडाभर रुग्णालयात ठेवावे लागले.

हे औषध चुकून रोज घेतले गेल्यास जिवावर बेतू शकते, ही गोष्ट वैद्यकक्षेत्राला नवी नाही. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये सांगितले आहे की, वार रुग्णाशी बोलून ठरवावा आणि तो चिठ्ठीवर पूर्ण अक्षरांत लिहावा. आपल्याकडेही नियमांची वानवा नाही. औषधाची नावे सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, अशी दुरुस्ती तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्येच केली, आणि वाचता येईल अशी चिठ्ठी हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील आरोग्याच्या हक्काचा भाग असल्याचे पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले. मात्र या साऱ्या चर्चेचा रोख अक्षरावर आहे, भाषेवर नाही. ‘ओ. डब्ल्यू.’ छापील अक्षरांत आले असते, तर दुकानदाराची चूक कदाचित टळली असती. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या काकूंना मात्र ते तितकेच अगम्य राहिले असते, आणि झालेली चूक पकडण्याची शेवटची संधी त्यांच्याच हाती होती.

औषध देताना रुग्णाला समजावून सांगणे हे २०१५ च्या औषधव्यवसाय विनियमांनुसार नोंदणीकृत औषधनिर्मात्याचे (फार्मासिस्टचे) कामच आहे. प्रत्यक्षात संध्याकाळी सातच्या गर्दीत काउंटरवर कोण उभे असते, हे आपण सारेच पाहतो. (परवाना भिंतीवर चौकटीत असतो, परवानाधारक असतोच असे नाही.) बाह्यरुग्ण विभागातही रांग दारापर्यंत गेलेली असताना डॉक्टरांनी प्रत्येकाला पाच मिनिटे समजावत बसावे, अशी अपेक्षा मी करणार नाही. पण वेळ वाचवायचा, तर हिशेब पुरता मांडला पाहिजे. ‘दर सोमवारी’ हे दोन शब्द लिहायला लागणारे क्षण वाचले, आणि त्यापायी एक खाट आठवडाभर अडली, रोज रक्ततपासणी झाली, माझ्या चुलतभावाचा कामावरचा खाडा झाला तो वेगळाच.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक दवाखान्यात आणि औषधाच्या दुकानात सात वारांची मराठी नावे असलेला एक रबरी शिक्का ठेवावा. आठवड्यातून एकदा घ्यायच्या औषधाच्या पाकिटावर तो उमटवून ठरलेल्या वाराला गोल करावा, आणि पाकीट हातात देण्यापूर्वी ‘हे कधी घेणार?’ असे रुग्णालाच विचारून त्याच्या तोंडून उत्तर ऐकावे. संगणकीय चिठ्ठ्या येतील तेव्हा येवोत. शिक्क्याला ना वीज लागते, ना निविदा. जिल्हा शल्यचिकित्सकांनी आणि औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी यात पुढाकार घ्यावा, अशी विनंती आहे.

काकूंचे औषध आता डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा सुरू झाले आहे. स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेत त्यांनी वर्षभराच्या सगळ्या सोमवारांवर कुंकवाचे बोट लावून ठेवले आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, सातारा