वैजू, आईला व्हेनिस बघायचंय

गावभाग, सांगली
रथसप्तमी

प्रिय वैजू,

हे फोनवर बोलण्यासारखं नाही. आई पलीकडच्या खोलीत असते, आणि ऐकू येत नाही म्हणत म्हणत सगळं ऐकते. म्हणून कागद घेतला.

आई व्हेनिसला जायचं म्हणतेय.

आपली आई. जी २०१९ च्या पुरानंतर विष्णू घाटाची एक पायरी उतरलेली नाही, जी कृष्णामाईची ओटी माझ्या हाती देऊन वर रस्त्यावरच उभी राहते, हरिपूरला संगमेश्वराच्या दर्शनाला निघालो तरी रिक्षात नदीकडच्या बाजूला बसत नाही, ती. ऐकल्याबरोबर आनंदानं ओरडावंसं वाटलं आणि त्याच वेळी पोटात गोळा आला. दोन्ही एकदम का झालं ते कळणारं माणूस एकच आहे, आणि ते रत्नागिरीत जाऊन बसलंय.

झालं असं. मुक्ता नाताळच्या सुट्टीत म्युनिकहून मैत्रिणींबरोबर तिकडं जाऊन आली. तिनं बोटीतून काढलेला व्हिडिओ दाखवला. मोठा कालवा, दोन्ही काठांना वाडे, वाड्यांची दारं थेट पाण्यात. मी कमानी आणि खिडक्या बघत होते. आईनं मात्र व्हिडिओ थांबवायला लावला. "त्या भिंतीवर हिरवी रेघ कसली गं?" मुक्ता म्हणाली, शेवाळ आहे आजी, भरतीचं पाणी तिथवर चढतं, दिवसातून दोनदा. आई त्या रेघेकडं बघतच राहिली. आपल्या जिन्याजवळची रेघ तिनं रंगाऱ्याला झाकू दिली नव्हती, आठवतंय ना? "रोज दारात पाणी, आणि राहतात?" एवढंच म्हणाली. रात्री जेवताना आमटी वाढून घेता घेता: "मला एकदा ने तिथं. कशी राहतात ते बघायचंय."

तेव्हापासून मी हिशेब, नकाशे आणि भरतीचे तक्ते यांतच आहे.

सगळे गुडघ्यांचं विचारतात. दादानं तर फोनवरच निकाल दिला, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी युरोप नको. गुडघ्यांचं उत्तर मी काढलंय. व्हेनिसमध्ये ४०० हून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या, हे खरं. पण पूल टाळता येतात, कारण तिथली बस पाण्यावरून जाते. व्हापोरेत्तो म्हणतात तिला. १ नंबरची बोट मोठ्या कालव्यातून हळूहळू जाते, कधी या काठाला तर कधी त्या काठाला थांबते, एसटीच्या साध्या गाडीसारखी. एका तिकिटाचे सध्या साडेनऊ युरो पडतात आणि ते ७५ मिनिटं चालतं. दिवसभराचा पास २५ युरोंचा, आपल्याला तोच परवडेल. राहायचं स्टेशनच्या बाजूला, कान्नारेजो भागात, बोटीच्या थांब्याला लागून, म्हणजे पूल चढायची वेळच कमी येईल. म्युनिकहून रेल्वे ब्रेनर खिंडीतून, व्हेरोनावरून थेट व्हेनिसपर्यंत जाते. शेवटचे जवळपास ४ किलोमीटर रूळ खाडीवरच्या पुलावरून आहेत, दोन्हीकडं पाणी. तो पूल १८४६ चा. त्याच्या आधी गावात शिरायचं तर बोटीशिवाय वाटच नव्हती. तो पूल येईल तेव्हा आईला खिडकीशी बसवायचं की आतल्या बाजूला, एवढ्या एका गोष्टीवर मी आणि मुक्ता तासभर बोललो.

आईचे प्रश्न ऐकशील तर हसशील. गाड्या नाहीत म्हटल्यावर म्हणाली, "मग शेजाऱ्यांची भांडणं कशावरून होतात?" घंटागाडीचं विचारलं. तर कचरेवाले ढकलगाडी घेऊन दारोदार फिरतात आणि ती नेऊन बोटीत रिकामी करतात. ॲम्ब्युलन्स बोट, पार्सल बोट, भाजीची बोट. शेवटचा प्रवाससुद्धा बोटीनं, सान मिकेले नावाचं बेटच दफनभूमी आहे. हे मी सांगणार नव्हते, पण तिनं विचारलंच. ऐकून म्हणाली, "मग तिथल्या माणसांना बोटीची भीती बाळगून चालतच नसेल."

वैजू, माझी काळजी इथून सुरू होते.

पुरातून बोटीनं बाहेर पडलो तेव्हा तू तिच्या शेजारी होतीस. मी बाबांना धरून पुढं बसले होते, माझी तुमच्याकडं पाठ होती. खिडकीतून उतरताना तिचा हात तुझ्या हातात होता तो आयर्विन पुलाच्या अलीकडं कोरड्या रस्त्याला लागेपर्यंत सुटला नाही, एवढंच मला दिसलं. दुसऱ्या दिवशी ब्रह्मनाळला बोट उलटल्याची बातमी आली आणि तिनं टीव्ही बंद करून टाकला. त्यानंतर बोट हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नाही. आणि आता हीच बाई अशा गावाला निघालीय जिथं दूध आणायलासुद्धा पाणी ओलांडावं लागतं. तिला खरंच बघायचंय, की आतलं काहीतरी एकदाचं संपवायचंय? आणि बोट हलली, तो डिझेलचा वास आला, आणि ती पुन्हा त्या रात्रीत गेली, तर परक्या देशात मी काय करू?

म्हणून मी आधी तिथलं पाणी समजून घ्यायला बसले. त्यांचा सगळ्यात मोठा पूर ४ नोव्हेंबर १९६६ चा, १९४ सेंटिमीटर. दुसरा मोठा कधीचा माहितीय? १२ नोव्हेंबर २०१९, १८७ सेंटिमीटर. आपल्यानंतर तीनच महिन्यांनी. आपण तेव्हा अजून गाद्या वाळवत होतो गं. आपण आयर्विनचे फूट मोजतो, ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि त्या वर्षी ५७ च्या वर. तसे ते सेंटिमीटर मोजतात, १८९७ साली ठरवलेल्या एका शून्यापासून. म्हणजे १८७ आकडा आला तर रस्त्यावर १८७ पाणी असं नाही. सान मार्कोचा चौक सगळ्यात सखल, तिथं ८० च्या आसपासच पाणी दिसायला लागतं. ११० च्या पुढचा अंदाज असला की भोंगे वाजतात, आणि पाणी जितकं चढणार तितके भोंग्याचे सूर वाढतात. लोक ऐकूनच ओळखतात.

पण आपल्या पाण्यात आणि त्यांच्या पाण्यात मोठा फरक आहे, आणि याच फरकावर माझा सगळा धीर टिकून आहे. आपलं पाणी वरून येतं, कोयनेच्या पाणलोटातला पाऊस, धरणाचा विसर्ग, आणि एकदा आलं की आठवडाभर घरात ठाण मांडतं. त्यांचं समुद्राचं. भरती, वर दक्षिणेकडचा सिरोको वारा, आणि ॲड्रियाटिकच्या अरुंद टोकाला पाण्याचा फुगवटा. भरती ओसरली की काही तासांत उतरतं. शिवाय ऑक्टोबर २०२० पासून त्यांनी खाडीच्या तिन्ही मुखांशी दारं लावलीत, एकूण ७८. एरवी ती समुद्राच्या तळाशी पाणी पिऊन आडवी पडलेली असतात. मोठी भरती येणार असली की आत हवा भरतात, पाणी बाहेर पडतं आणि दारं उभी राहतात. मोझे म्हणतात त्याला. त्या कामात लाचेची प्रकरणं झाली, २०१४ मध्ये अटका झाल्या, पुरं व्हायला कितीतरी वर्षं उशीर झाला. पण दारं उभी राहतात हे खरं. आईला समजावलं तर म्हणाली, "अलमट्टीला असं कुणी विचारून दार उघडतं का?" तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

आता आपल्या भांडणाचं. ते काढल्याशिवाय पत्र पुढं सरकत नाही. तू म्हणाली होतीस, घर विका, विश्रामबागला फ्लॅट घ्या, आणि मी म्हणाले होते, तुला काय, तुझं घर उंचावर. त्यानंतर किती महिने बोललो नाही आपण. मी अजूनही माझ्याच बाजूची आहे, वैजू. पण त्या गावाचं वाचताना तुझं म्हणणं सारखं आठवलं. १९५० च्या सुमारास त्या बेटांवर पावणेदोन लाख माणसं राहत होती, आता ५० हजारही नाहीत. रिआल्टो पुलाजवळ एका औषधाच्या दुकानाच्या खिडकीत शिल्लक लोकसंख्येचा आकडा लावलाय, तो खाली खालीच येतो. त्यांना घालवलं मुख्यतः घरभाड्यानं. घरं पाहुण्यांना दिली जायला लागली, वाण्याच्या दुकानाच्या जागी मुखवट्यांची दुकानं आली, पोरांना नोकऱ्या मिळाल्या त्या खाडीपलीकडं, जमिनीवरच्या मेस्त्रेला. आणि ज्यांनी राहायचं ठरवलं त्यांनी पाण्यापुरती सोय करून घेतली. तळमजल्यावर सहसा निजत नाहीत, विजेची बटणं उंचावर, दाराला खाच, भोंगा झाला की त्या खाचेत पत्रा बसवायचा. आपण मीटर वर घेतला, फ्रिज माडीवर नेला, तसंच. मला ते पत्रे बघायचेत. बाकीच्या लोकांनी सान मार्कोचे फोटो काढावेत, मी दारांच्या खाचांचे काढणार आहे. तशी खाच आपल्या दाराला करता येईल का ते सुताराला विचारून ठेवलंय.

जाताना आम्ही पण पाहुणेच, गर्दीत भर घालणारे, हे मनात येतं. काही ठरावीक दिवशी एका दिवसापुरतं येणाऱ्यांकडून गाव आता ५ ते १० युरो घेतं. मुक्कामाला राहणाऱ्यांना ते माफ, पण आधी नोंद करावी लागते. मुक्काम करू, गावातल्या माणसाच्याच दुकानातून भाजी-फळं घेऊ, घाई करणार नाही. एवढं आपल्या हातात.

पुतळ्यांचं तर सांगायचंच राहिलं! आईची पुतळ्यांची माळ, जी तिनं पुरात कमरेला बांधून आणली आणि तुझ्या घरी पोचल्यावर सोडली, त्या पुतळ्यांचं मूळ व्हेनिसच्या डुकाटात आहे म्हणे. १२८४ पासून पाडलेलं नाणं, साडेतीन ग्रॅम सोनं, त्यावर संत मार्कपुढं गुडघे टेकलेला तिथला प्रमुख. व्यापारात ते आपल्या किनाऱ्यापर्यंत आलं, शिवकाळात चालत होतं, मग आपल्या सोनारांनी घडवायला घेतलं आणि त्यावर लक्ष्मी बसली. टाकसाळीची इमारत सान मार्कोच्या चौकाला लागूनच अजून उभी आहे. आईला सांगितलं तर तिनं माळ काढून खिडकीपाशी नेऊन निरखली. तेव्हापासून तिचं जायचं आणखी पक्कं झालंय.

आता खरी अडचण. एप्रिल की नोव्हेंबर? मला एप्रिल हवा. ऊन असेल, मोठ्या भरत्यांचा हंगाम संपलेला असेल, गर्दी सोसू. आईला नोव्हेंबरच हवा, कारण मुक्तानं तिला सालूतेच्या सणाचं सांगितलं. १६३०-३१ मध्ये तिथं प्लेग झाला, गावातली एक तृतीयांश माणसं गेली. साथ हटली तर देऊळ बांधू असा गावानं नवस केला. ते सांता मारिया देल्ला सालूते. त्याच्या पायात दहा लाखांवर लाकडी खुंट ठोकलेत, चिखलात. दर २१ नोव्हेंबरला मोठ्या कालव्यावर तात्पुरता पूल टाकतात आणि गावचे लोक मेणबत्ती घेऊन त्यावरून चालत देवीच्या पाया पडायला जातात. आई म्हणाली, "म्हणजे त्यांची ओटीच की." मला उत्तर सुचलं नाही. त्या दिवशी तिथं खारवलेल्या, सुकवलेल्या मटणाचं कोबी घातलेलं सूप करतात, हे वाचून तुझ्या सासऱ्यांची आठवण झाली. ते असते तर माझ्याआधी त्यांनीच तिकीट काढलं असतं. आणि ऑक्टोबरअखेर तिथं मॅरेथॉन असते, त्यासाठी काही पुलांच्या पायऱ्यांवर उतार बसवतात आणि पुढं काही महिने तसेच ठेवतात. म्हणजे गुडघ्यांच्या दृष्टीनं नोव्हेंबर बरा! पण भोंगा झाला तर? दारं ११० च्या अंदाजाला उभी करतात, त्याखाली सखल भागात पाणी येऊ शकतंच. मग फळ्यांच्या उंच मार्गावरून चालायचं. रात्री जीपवरून पुकारत गेलेले पोलीस आईला अजून स्वप्नात ऐकू येतात. भोंगा ऐकून ती काय करेल?

म्हणून विचारते, आणि हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही. बोटीत ती तुझ्या कानाशी काहीतरी बोलली होती. घाटापाशी वळलो तेव्हा. मी मागं वळून पाहिलं तर तू मान हलवत होतीस. ते काय होतं? तिनं तुला शपथ घातली असली तर राहू दे. पण ते कळलं तर मला ठरवता येईल की तिला त्या पुलावरून चालू द्यायचं, की एप्रिलच्या उन्हात दोन दिवस फिरवून परत आणायचं.

बाकी ठीक. माझी बीपीची गोळी चालू आहे, यांची शुगर आटोक्यात. चिन्मयच्या सुपारीचे फोटो पाहिले, मुलगी गोड आहे, तू मात्र वाळलीस. शाळेचं पेन्शनचं काम मार्गी लागलं का? भाऊजींच्या डोळ्याचं ऑपरेशन उन्हाळ्यात करू नका, थोडं थांबून विचारा. भडंग पाठवते, तिळगुळाबरोबर.

आणि एक. माझ्या मनात काय आहे ते तू ओळखलंच असशील. एप्रिल ठरला तर व्हिसासाठी तारीख या आठवड्यातच घ्यायला हवी. मुक्ता म्युनिकमध्ये असल्यानं अर्ज जर्मनीचा करायचाय, ३० हजार युरोंचा विमा लागतो, तिच्याकडं तिघींची झोपायची सोय होते. तिघींची म्हटलंय मी. आईला मी अजून विचारलेलं नाही, पण बोटीत तिच्या शेजारी कुणी बसायचं हे तिला विचारायची गरजच नाही. कपाटातून पासपोर्ट काढून मुदत बघ. संपली असेल तर लगेच अर्ज कर, आणि मग आपण नोव्हेंबरच धरू.

तुझी,
शैला