तुला खोटं सांगितलेले मार्क

हर्णै,
आषाढ वद्य त्रयोदशी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तर लिहायला रोज बसत होतो आणि पहिल्याच ओळीवर अडत होतो, कारण ती ओळ तुझी माफी मागायची आहे. अकरावीच्या निकालानंतर मी तुला फोनवर फिजिक्समध्ये ७२ मार्क मिळाले असं सांगितलं होतं. खरे ४१ आहेत. तू पुण्यात क्लासला गेलास, तिथल्या पोरांबद्दल सांगत होतास, आणि तेव्हा खरा आकडा तोंडातून निघेचना. घरी बाबांनी मार्क विचारलेसुद्धा नाहीत, ‘पास झालास ना?’ एवढंच म्हणाले. म्हणजे मी खोटं बोललो ते फक्त तुझ्याशी. तेच जास्त लागलंय.

तू पाठवलेलं वेळापत्रक मी जसंच्या तसं उतरवून पडवीच्या भिंतीला लावलं होतं. पहाटे चारला उठणे, चार ते सात फिजिक्स, असं सगळं. नऊ दिवस टिकलं. आमच्याकडे पाणी सोडतात त्या वेळी हंडे भरायला मीच असतो, आणि पावसाळ्यातली मासेमारीबंदी लागायच्या आधी होड्या येतील तेव्हा आईबरोबर लिलावाला जावं लागायचं. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडायचीच लाज वाटायची. मग आठवडा असाच जायचा. वेळापत्रक वाईट नव्हतं. ते तुझ्या खोलीचं होतं, माझ्या घराचं नव्हतं.

आता मासेमारी बंद आहे, ३१ जुलैपर्यंत. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवल्यात आणि बाबा दिवसभर पडवीत जाळी सांधत बसतात. त्यांच्याजवळ बसून वाचत होतो तेव्हा सहज विचारलं, आज भरती कधी? त्यांनी मान वर न करता सांगितलं. तुला हा हिशेब माहीत असेल, आपल्याकडे सगळ्यांना असतो: तिथीची पाऊणपट करायची. आज त्रयोदशी, तेरा त्रिक एकोणचाळीस, भागिले चार, पावणेदहा. पावणेदहाच्या सुमाराला पूर्ण भरती आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. बाबांची शाळा चौथीत सुटली, पण हा आकडा त्यांच्या तोंडात तयार असतो.

मी त्या दिवशी पहिल्यांदा त्यामागचं कारण शोधायला पुस्तक उघडलं, परीक्षेसाठी नाही. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी घेते तोवर चंद्र आपल्या वाटेवर थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला पृथ्वीला आणखी सुमारे ५० मिनिटं फिरावं लागतं, म्हणून भरती रोज तेवढी उशिरा येते. आपल्या माणसांनी ती पाऊण तासाची धरली, तोंडी हिशेबाला सोपी. अमावस्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्राची ओढ एका रेषेत येते तेव्हा उधाण, अष्टमीला ती काटकोनात असते तेव्हा भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती. मित्रा, गुरुत्वाकर्षणाचा धडा मी परीक्षेआधी चार वेळा पाठ केला होता आणि तो आमच्या दारात रोज दोनदा येऊन जात होता हे मला कळलं नव्हतं! बाबांना चंद्राचं सांगितलं तर ते म्हणाले, “घड्याळ बघून पाणी येत नाय रे, पण येतं मात्र रोज.”

तेव्हापासून तास मोजणं सोडलं. दिवसाला दहा गणितं, वेळ मिळेल तेव्हा, मग ती पहाटे होवोत की रात्री जेवणं झाल्यावर. आणि एक चुकांची वही केलीय. चुकलेलं गणित तिच्यात पूर्ण लिहायचं, खाली कुठे चुकलं ते एका वाक्यात. एकाच जातीची चूक पुन्हा पुन्हा दिसते: मी एकक बदलायला विसरतो, आणि आकृती न काढता सूत्राला हात घालतो. ४१ मार्कांमागे एवढंच होतं, फार मोठं काही नव्हतं. पण ते पाहायला मला इतके दिवस लागले, कारण मी ते मार्कच लपवत होतो.

परवा मुरुडला गेलो होतो. महर्षी कर्वे तिथलेच. ते परीक्षेसाठी मुरुडहून घाट चढून साताऱ्याला चालत गेले, आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. गोष्ट शाळेत ऐकलेली, पण त्या वाटेवर उभं राहिल्यावर माझ्या मनात परतीचं चालणं आलं. जाताना उमेद असते. तेवढंच अंतर रिकाम्या हाताने उलटं चालताना त्या पोराच्या मनात काय असेल? मॅट्रिक होईपर्यंत ते २३ वर्षांचे झाले होते, १८८१ साली. पुढे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलं.

तू विचारलंस, नक्की काय व्हायचंय. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथे जायचंय. सीईटी द्यावी लागेल. शेजारी म्हणतात, मासे मारायला डिग्री कशाला? मला मारायला शिकायचं नाहीये. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा झाला, पण लिलावात तळहाताएवढंही न वाढलेलं पापलेट ढिगाने येतं, आणि ते विकणाऱ्यांत माझी आईही असते. तिला दोष देता येत नाही, होडीचं डिझेल त्यातूनच निघतं. हे कसं सुटेल, ते मला कळून घ्यायचंय.

तुझ्याकडे एक मागणं आहे. दर रविवारी तुझी चुकलेली पाच गणितं मला पाठव, मी माझी पाठवीन. बरोबर आलेली नकोत. आणि रागावला असशील तर तसं लिही, पण लिही.

आईने तुझ्यासाठी सोडे सुकवून ठेवलेत, गणपतीला येशील तेव्हा घेऊन जा. उद्या-परवा उधाण आहे, बाबा होडीचे दोर बघायला बोलावतायत.

तुझा,
पडवीतला सोबती