आस्ता नील्सन बघच!

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. तालमी जोरात चालल्यात हे वाचून फार बरं वाटलं. पण मूकपटातल्या नटांना डोळे विस्फारून हातवारे करण्यावाचून गत्यंतरच नव्हतं, असं जे तू ठासून लिहिलंयस, ते काही मनातून जाईना. म्हणून लगेच लिहायला बसले.

तू १९१० चा ‘अफग्रुन्डेन’ बघ. डॅनिश मूकपट आहे, पाऊण तासाचाही नाही. माग्डा नावाची पियानो शिकवणारी मुलगी सर्कशीतल्या एका माणसापायी ठरलेलं लग्न मोडते, त्याच्यामागं फरफटत जाते आणि शेवटी त्यालाच भोसकते. पोलीस तिला घेऊन जातात. इथं दुसऱ्या कुणी ऊर बडवून घेतला असता. माग्डाचं काम करणारी आस्ता नील्सन नुसती चालते. अंग ताठरलेलं, चेहरा कोरा, डोळे कुठंच बघत नाहीत. त्या कोऱ्या चेहऱ्यानं माझ्या पोटात खड्डा पडला. कॅमेऱ्यासमोर कमी करायचं असतं हे तिला शिकवणार कोण होतं? तो तिचा पहिलाच चित्रपट!

त्यातला नाचही बघ. रंगमंचावर ती त्या माणसाला दोरीनं बांधते आणि त्याच्याभोवती अंग घुसळत नाचते. नॉर्वे-स्वीडनमध्ये त्यावर कात्री चालली होती. आजही तो बघताना आपण जरा सावरून बसतो.

तिचं आयुष्य ऐक. जन्म १८८१ चा, कोपनहेगनचा. वडिलांना काम कधी असायचं, कधी नसायचं. आई लोकांचे कपडे धुवायची. आस्ता चौदा वर्षांची असताना वडील गेले. पुढं रॉयल थिएटरच्या नाट्यशाळेत शिकली. १९०१ मध्ये, लग्न झालेलं नसताना, तिला मुलगी झाली. बाप कोण हे तिनं कधीही सांगितलं नाही. त्या काळात मूल पदरात घेऊन तिनं रंगभूमी सोडली नाही, याचं मला फार मोल वाटतं. पण नाटकांत मोठी कामं मिळेनात. तेव्हा उर्बान गाडनं तिच्यासाठी ‘अफग्रुन्डेन’ लिहिला आणि दिग्दर्शितही केला. पुढं दोघांनी लग्न केलं.

चित्रपट गाजला आणि जर्मनीनं तिला उचललं. सत्तरच्या वर चित्रपट केले तिनं, त्यातले मायदेशात फक्त चार. जर्मनीत ती केवढी मोठी झाली! १९२१ चा ‘हॅम्लेट’ तर तिनं स्वतःच्या कंपनीतर्फे काढला आणि हॅम्लेट स्वतः केला. त्यात हॅम्लेट जन्मानं मुलगीच आहे. गादी टिकावी म्हणून तिला मुलगा म्हणून वाढवलंय आणि मित्र होरेशिओवरचं प्रेम तिला उघड करता येत नाही. मंदार, तो काळा पोशाख, ती सडपातळ अंगकाठी आणि होरेशिओकडं बघतानाची तिची नजर! तुझ्या नटांना हे आधी दाखव.

१९२५ मध्ये दिग्दर्शक पाब्स्टच्या चित्रपटात ती तरुण नटी ग्रेटा गार्बोबरोबर होती. बोलपट मात्र तिनं एकच केला, १९३२ मध्ये. मग नाझी आले. त्यांना ती आपल्याकडं हवी होती, तिला मोठी आमिषं दाखवली गेली. तिनं नाही म्हटलं आणि ती डेन्मार्कला परतली. इतक्या मोठ्या नटीला तिथं पुन्हा चित्रपटात उभं करावं असं कुणाला वाटू नये, हे मला आजही सहन होत नाही. तिनं आत्मचरित्र लिहिलं, कापडाचे तुकडे जोडून चित्रं केली. १९६४ मध्ये मुलगी गेली. १९६८ मध्ये स्वतःवरचा माहितीपट तिनं स्वतःच दिग्दर्शित केला. १९७० मध्ये, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, पुन्हा लग्न केलं! १९७२ मध्ये ती गेली.

आता काम सांगते. तुझ्या एकांकिकेतली ती मुलगी निरोप ऐकून किंचाळते, असं लिहिलंयस. एका तालमीत तिला किंचाळू देऊ नकोस. निरोप ऐकून तिला फक्त दारापर्यंत चालत जाऊ दे. काय होतं ते मला सविस्तर कळव.

काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
नीलिमा