काका, तो आवाज शंभरचाच होता

ती. काकांना शि. सा. नमस्कार.

तुमचं नाव लिहायचं नाही, ही तुमची अट. ती मी पाळते आहे. पण आभार सगळ्यांसमोर मानायचे, ही माझी अट, आणि ती तुम्ही काकूंच्या देखत कबूल केली आहे. रामबागेत ओळखणारे तुम्हाला ओळखतीलच. बाकी कुणाच्या घरी आज माझ्यासारखाच नवा कोरा, पण बिघडलेला ट्यूब अ‍ॅम्प बसून असेल, तर त्याच्याही कामी यावं म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

दोन वर्षं शिकवण्यांचे पैसे बाजूला टाकून मी तो घेतला होता. पंधरा वॉटचा, गिटारचा आवाज मोठा करणारा, आत काचेच्या ट्यूब: शेवटी स्पीकरला जोर देणाऱ्या दोन ईएल८४ आणि त्यांच्याआधीच्या छोट्या तीन १२एएक्स७. पहिल्या संध्याकाळी वीस-पंचवीस मिनिटं असा वाजला की आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बसली. मग फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज सुरू झाला, गिटारचा आवाज एकदम अर्धा झाला, फाटला, आणि खालून एक जाड घरघर वर आली. बंद करून तासाभराने लावला तर पुन्हा ठणठणीत. वीस मिनिटांनी पुन्हा तेच.

विक्रेत्याने फोनवर सांगितलं, ट्यूब बदलून बघा. मी ईएल८४ची नवी जोडी आणि एक १२एएक्स७ मागवली. काही फरक नाही. मग म्हणाला, आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूब आणि स्पीकर यांच्यामधला) गेला असणार, पाठवून द्या, ने-आणीचा खर्च तुमचा, दीड महिना लागेल. गणपती तीन आठवड्यांवर आले होते आणि मंडळाच्या कार्यक्रमात माझं वाजवणं ठरलेलं होतं. त्या रात्री मी जेवले नाही. आईने दुसऱ्या दिवशी भजनी मंडळात काकूंना सांगितलं, आणि संध्याकाळी तुम्ही दारात उभे.

हातात टॉर्च, मीटर, एक पेन्सिल आणि होल्डरला दोन वायरी जोडलेला साधा बल्ब. स्क्रू-ड्रायव्हर नव्हता. मला ते बघून थोडी निराशाच वाटली होती, हे आज कबूल करते.

तुम्ही अ‍ॅम्पकडे वळलाही नाहीत. भिंतीतल्या सॉकेटकडे गेलात. फेज आणि न्यूट्रलमध्ये बल्ब लागला. फेज आणि अर्थिंगमध्ये लागला नाही. आमच्या जुन्या वाड्यात तिसरी पिन नुसती शोभेची होती. तुमचा चेहरा तेव्हा बदलला तो मला अजून दिसतो. ‘बेटा, गिटारच्या तारा केबलमधून थेट या डब्याच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. आत एक फेजची वायर सुटून पत्र्याला लागली, की तारा फेज. तुझा हात तारांवर. आधी हे, मग वाजवणं.’ दोन दिवस तुम्ही अ‍ॅम्पला हात लावला नाहीत. ओळखीचा वायरमन आणलात, अंगणात खड्डा खणवून मीठ-कोळसा घालून अर्थिंग करून घेतलंत, आणि बल्ब पुन्हा लावून पाहिलात. खालच्या आजींना वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या यायच्या. त्यांना वाटायचं वयामुळे होतंय. आता येत नाहीत.

तडतड मात्र तशीच होती. मग तुम्ही जे केलंत ते मी कधी विसरणार नाही. अ‍ॅम्प तापू दिलात, घरघर सुरू झाली तसे डोळे मिटून बसलात, आणि म्हणालात, ‘ही पन्नासची नाही, शंभरची आहे. तुझ्या गिटारवर बघ बरं.’ सगळ्यात जाड तार, तिसरा फ्रेट. जी. तो सूर ९८ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ९८ कंपनांचा, आणि घरघर त्याच्याहून केसभर चढी. दोन्ही एकत्र ऐकले तर सेकंदाला साधारण दोन हेलकावे येत होते. इतकी वर्षं मी तो जी वाजवते आहे. तो घरच्या विजेच्या इतका जवळ आहे हे मला ठाऊक नव्हतं.

आपली वीज पन्नास हर्ट्झची. अर्थिंगच्या गोंधळातून किंवा ट्यूबच्या फिलामेंटमधून येणारी घरघर बहुतेक पन्नासची असते. पण एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर दोन्ही अर्ध्या लाटा एकाच बाजूला वळवतो, म्हणून पॉवर सप्लायमधून झिरपते ती शंभरची. तेवढ्यावरून तुम्ही बघायची जागा अर्ध्यावर आणलीत.

त्यानंतर ट्यूबच्या जागा बदलून पाहिल्या. तुम्ही त्यांना व्हॉल्व्हच म्हणता, आणि १२एएक्स७ला ईसीसी८३. मी गोंधळले तेव्हा हसून सांगितलंत की एक अमेरिकेतलं नाव, एक युरोपातलं, वस्तू तीच. ईएल८४ तर तुम्हाला घरच्यासारखा, कारण तो जुन्या रेडिओंमध्ये असायचा आणि तुम्ही तसे किती उघडले असतील त्याची गणती नाही. बिघाड ट्यूबबरोबर सरकला तर दोष ट्यूबचा, जागेवरच राहिला तर जागेचा. तो जागेवरच राहिला. मी पैसे घालून नव्या ट्यूब आणल्या होत्या, तेव्हा हे बिनपैशाचं काम मला कुणी सुचवलं नव्हतं.

पेन्सिलीने हलकेच ठोकून बघतानाही तुम्ही मला ऐकायला लावलंत. पहिल्या ट्यूबवर ठोकलं की स्पीकरमधून बारीक टिणटिण येते, ती थोडी असायचीच. तडतड आली ती मागच्या बाजूला, ईएल८४च्या सॉकेटपाशी ठोकल्यावर. मग आवाज बसलेला असतानाच तुम्ही माझा फोन मागच्या ‘रिटर्न’च्या जॅकमध्ये लावलात. त्या वाटेने गिटारचा आवाज आधी वाढवणारा पुढचा भाग, म्हणजे प्रीअ‍ॅम्प पूर्ण वगळला जातो. फोनचं गाणंही तसंच फाटकं आलं. म्हणजे बिघाड पुढच्या अर्ध्यात नाही, मागच्यात आहे. अजून एकही स्क्रू निघाला नव्हता.

उघडण्याआधी तुम्ही मला विक्रेत्याला लिहून विचारायला लावलंत की उघडल्यावर वॉरंटीचं काय. उत्तर आलं, वॉरंटी जाईल. तुम्ही तो कागद माझ्यापुढे ठेवलात आणि निर्णय माझ्यावर सोडलात. मी उघडा म्हटलं.

इथे मला वाचणाऱ्यांना विनवून सांगायचं आहे. ट्यूब अ‍ॅम्पच्या आत तीनशे-चारशे व्होल्ट डीसी असतात, आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये साठून राहू शकतात. काकांनी पन्नास वर्षं हे काम केलंय, तरी प्लग काढून दहा मिनिटं थांबले, रेझिस्टर लावलेल्या वायरीने कपॅसिटर रिकामे केले, आणि मीटर पाच व्होल्टच्या खाली आल्याशिवाय बोट आत घातलं नाही. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडणाऱ्यांवर ते चिडतात. मीटरच्या क्लिपा अ‍ॅम्प बंद असतानाच लावायच्या, चालू केल्यावर एक हात पाठीमागे. मला त्यांनी आत हात घालू दिला नाही, आकडे लिहायला बसवलं. ज्याला हे येत नाही त्याने उघडू नये, जाणता माणूस शोधावा.

आणि काका, मी स्पीकरची वायर काढून अ‍ॅम्प चालू करून पाहिला होता, हे सांगितल्यावर तुम्ही रागावलात ते बरोबरच होतं. स्पीकरचा भार नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं आणि आतलं इन्शुलेशन फुटू शकतं. माझं नशीब की तसं झालं नाही. तुम्ही ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही अर्ध्या गुंडाळ्या मोजल्यात, त्या जवळजवळ सारख्या निघाल्या. दीड महिन्याची भीती दोन मिनिटांत गेली.

माझ्या वहीतले आकडे असे आहेत. (कॅथोड हा व्हॉल्व्हचा एक पाय; तिथले व्होल्ट म्हणजे तो व्हॉल्व्ह किती करंट घेतो त्याचा अंदाज.) एका ईएल८४च्या कॅथोडवर १०.६ व्होल्ट, दुसऱ्याच्या कॅथोडवर १०.४. बावीस मिनिटं काही नाही. मग दुसरा आकडा थरथरला, आणि तडतड सुरू होताच शून्याकडे घसरला. एक व्हॉल्व्ह करंटच घेत नव्हता. तुम्ही तेव्हा रस्सीखेचेचं उदाहरण दिलंत. दोन्ही व्हॉल्व्ह उलट बाजूंनी ओढतात म्हणून सप्लायची घरघर ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना मारते, मधली गाठ हलत नाही. एकाने दोर सोडला की गाठ सरकते, घरघर ऐकू येते, आणि आवाज अर्धा होतो. माझ्या तिन्ही तक्रारी एकाच जागेतून येत होत्या!

ती जागाही सापडली. स्क्रीन ग्रिडच्या, म्हणजे व्हॉल्व्हमधल्या ज्या जाळीला व्होल्टेज मिळालं नाही तर करंट थांबतो तिच्या, रेझिस्टरच्या दोन्ही टोकांना तीनशेच्या वर व्होल्ट, आणि तिथून दोन बोटांवरच्या सॉकेटच्या नवव्या, म्हणजे त्या जाळीच्याच पायावर जवळजवळ काहीच नाही. अ‍ॅम्प बंद करून, पुन्हा रिकामा करून तुम्ही भिंग माझ्या हातात दिलंत. त्या पायाभोवती केसासारखी गोल भेग होती, बाकीचे जोड चकचकीत आणि हा राखाडी. ड्राय सोल्डर, म्हणजे धातू नीट न धरलेला जोड. सॉकेट थेट बोर्डावर बसवलेलं, वर ट्यूबची धग, ट्यूब बसवताना-काढताना पडणारा जोर, आणि जोड पहिल्यापासूनच कच्चा. थंड असताना टेकलेला, तापला की सुटलेला. तुम्ही जुनं सोल्डर ओढून काढलंत, नवं लावलंत, आणि त्या सॉकेटचे बाकीचे आठ पायही पक्के केलेत. त्याला पंधरा मिनिटं लागली. तिथवर पोचायला चार संध्याकाळी.

त्यानंतर अडीच तास सलग वाजवला. काकूंनी मधे पोहे आणले, वर शेव आणि जिरावण, आणि तुम्ही खाता खाता मीटरवरची नजर काढली नाहीत. दोन्ही आकडे हलले नाहीत. मंडळात सातव्या दिवशी मी वाजवलं तेव्हा तुम्ही मागच्या खुर्चीवर डोळे मिटून बसला होतात. तुम्ही सूर ऐकत होतात की घरघर, ते मी विचारलं नाही.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. वायरमनचे दिलेत तेही परत घेत नव्हता, ते मी काकूंकडे दिले आहेत, रागावू नका. माझे बाबा असते तर त्यांनी जितक्या चिकाटीने माझ्या वस्तूसाठी जीव टाकला असता, तितक्याच चिकाटीने तुम्ही टाकलात. मला हे समोर बोलता आलं नसतं, म्हणून लिहिलं.

मी उगीच मागवलेले ते दोन ईएल८४ आणि एक ईसीसी८३ पुन्हा खोक्यातच ठेवले आहेत. तुमच्या कपाटात बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने व्हॉल्व्ह ठेवलेला पुठ्ठ्याचा डबा आहे ना, त्यात त्यांना जागा करून ठेवा. गुरुवारी शिकवणी संपली की घेऊन येते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची गिटारवाली
रामबाग, इंदूर