मंगळवारच्या इंटरव्ह्यूसाठी

पुणे, बुधवार

प्रिय मंद्या,

मंगळवारी डेटा सायन्सचा इंटरव्ह्यू, आणि तू न्यूरल नेटवर्क उघडून बसलायस. ते आत्ता मिट. पहिल्या फेरीत पोरं गळतात ती बहुतेक एसक्यूएलवर, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेवर.

समज, दोन टेबलं आहेत: ग्राहक आणि ऑर्डर. प्रश्न असा: मार्चमध्ये प्रत्येक ग्राहकाने किती ऑर्डर दिल्या? एकही न देणाराही शून्यासकट दिसला पाहिजे. लेफ्ट जॉइन (पहिल्या टेबलातली प्रत्येक ओळ राखणारी जोडणी) सगळेच लिहितात, पण तारखेची अट 'व्हेअर'मध्ये, म्हणजे जोडणीनंतरच्या गाळणीत टाकतात आणि तिथेच घोळ होतो. ज्याची ऑर्डरच नाही त्याच्या ओळीत तारखेच्या जागी नल, म्हणजे 'किंमतच नाही' अशी खूण असते. नलची तुलना कशाशीही केली तरी 'खरं' असं उत्तर येत नाही, म्हणून ती ओळच उडते आणि लेफ्ट जॉइनचा गुपचूप इनर जॉइन (फक्त जुळलेल्या ओळींची जोडणी) होतो. अट 'ऑन'मध्येच, म्हणजे जोडणीच्या अटीतच लिही. शिवाय 'काउंट स्टार' नको, तो ओळी मोजतो, त्यामुळे बिनऑर्डरीच्या ग्राहकापुढेही 1 येईल. ऑर्डर आयडीचा काउंट घेतलास की 0 येतो. वहीत चार ग्राहक आणि पाच ऑर्डर मांडून हे एकदा हाताने करून बघ.

'दुसरा सर्वात मोठा पगार' हाही ठरलेला प्रश्न. पगार 90, 90, 80 हजार असतील तर एसक्यूएलच्या क्रमांक देणाऱ्या फंक्शनपैकी रँक 1, 1, 3 देतो, डेन्स रँक 1, 1, 2 आणि रो नंबर 1, 2, 3. इथे डेन्स रँकच हवा.

मॉडेलच्या फेरीत अ‍ॅक्युरसीच्या सापळ्यात पाय टाकू नकोस; एकूण उत्तरांपैकी बरोबर किती, एवढंच ती सांगते. 10,000 व्यवहारांत 100 फसवे आहेत. तुझ्या मॉडेलने 200 पकडले, त्यातले 80 खरोखर फसवे. म्हणजे प्रिसिजन (पकडलेल्यांत खरोखर फसवे किती) 40 टक्के, रिकॉल (एकूण फसव्यांपैकी पकडले किती) 80 टक्के, अ‍ॅक्युरसी 98.6 टक्के. आता एखाद्या ठोंब्याने डोळे मिटून 'सगळे व्यवहार चांगले' म्हटलं, तर त्याची अ‍ॅक्युरसी 99 टक्के! एवढं गणित फळ्यावर मांडलंस तरी अर्धी फेरी खिशात. त्यापुढे थ्रेशोल्ड (किती संशय आला की व्यवहार अडवायचा ती रेघ) कुठे ठेवायचा हे स्वतः ठरवू नकोस, त्यांनाच विचार: सुटलेले 20 जास्त महागात पडतात, की विनाकारण अडवलेले 120?

एयूसी (मॉडेल दोन गट किती नीट वेगळे करतं याचा आकडा, जास्तीत जास्त 1) 0.99 आला तर खूश होऊ नकोस, आधी लीकेज शोध, म्हणजे उत्तर डेटातच फुटलंय का ते बघ. ग्राहक सोडून जाईल का, हे सांगणाऱ्या मॉडेलला 'खातं बंद करण्याचं कारण' हा कॉलम दिला, तर उत्तरपत्रिकाच हातात दिल्यासारखं आहे. स्केलिंगही (सगळे आकडे एका मापात आणणं) ट्रेन-टेस्ट, म्हणजे शिकवायचा आणि तपासायचा डेटा, वेगळे केल्यावर, फक्त ट्रेनवर फिट करायचं.

पी-व्हॅल्यू म्हणजे 'नल हायपोथिसिस (काही फरकच नाही हे गृहीतक) खरं असण्याची शक्यता' नव्हे. नल हायपोथिसिस खरं धरलं, तर हाती आलाय तेवढा किंवा त्याहून टोकाचा निकाल येण्याची शक्यता. हे वाक्य पाठच कर, त्यात लाज नाही.

आणि रेझ्युमेवरून ते टायटॅनिकच्या प्रवाशांच्या डेटावरचं प्रोजेक्ट काढ बाबा. 891 ओळींचं ते जहाज बघून समोरच्याला झोप येते. त्याऐवजी बाजार समितीच्या कांद्याच्या भावांवर केलेलं तुझं काम वर घे. तिथे सुट्टीच्या दिवसांच्या रिकाम्या जागा कशा भरल्यास आणि टेस्टसाठी शेवटचे महिनेच का ठेवलेस, हे नक्की विचारतील.

शनिवारी रात्री नऊनंतर फोन कर. मी प्रश्न टाकतो, तू तोंडाने बोलत बोलत क्वेरी लिही.

तुझा,
सुऱ्या